न दिसणारी वाळू

सदू,

तुझ्या दुकानातले एकोणीस रेडिओ, चार टेपरेकॉर्डर आणि एक टीव्ही मी आणि शैलावहिनींनी मिळून ज्याचे त्याला पोचते केले. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी वहिनी म्हणाल्या, "भावोजी, लोकांच्या वस्तू अशा अडकवून ठेवल्या तर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाय." मग आम्ही रामआळीतल्या तुझ्या दुकानाच्या फळ्या काढल्या आणि चिठ्ठ्या वाचत बसलो. प्रत्येक वस्तूला तू दोऱ्याने चिठ्ठी बांधून ठेवलेली. वर नाव, खाली तक्रार. पण तक्रार गिऱ्हाइकाने सांगितलेली नव्हे, तुला वाटलेली. 'जोशी मास्तर. रेडिओ ठीक आहे. घरात बोलायला कोणी नाही म्हणून आणतात. चहा द्यावा.' 'सावंतीणबाई. पुन्हा मिठाच्या बरणीशेजारी ठेवला होता.' वहिनी वाचता वाचता हसायच्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावायच्या. मी आपला नावं पुकारायचं काम करत होतो.

चार दिवसांत दुकान रिकामं झालं. शेवटी माझ्या नावाचीही एक चिठ्ठी निघाली. त्या चिठ्ठीमुळेच हे लिहायला बसलोय. तू गेल्यावर माणसाने रडावं, आणि मी रडलोही, तुला त्याबद्दल तक्रारीला जागा ठेवलेली नाही. पण आज मला हायसं वाटतंय. छातीवरचा पाटा कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं. हे लिहायची लाज वाटत होती; वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "लिवा की. त्यांना आवडेल."

तर, चार वर्षं मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. तुझा खेळ मी पुसला, सदू. ती कॅसेट हरवली नव्हती.

पण मधूनच सांगितलं तर तू म्हणशील, पेंटर, पाटी उलटीकडून रंगवायला घेतलीस. पहिल्यापासून सांगतो.

तो कॉम्प्युटर तुझ्याकडे आला तो मेलेलाच आला. मस्कतहून सुटीवर आलेल्या एका गिऱ्हाइकाने मुलासाठी आणला, पहिल्याच दिवशी काहीतरी चुकीचं जोडून जाळला, आणि सुटे भाग होतील म्हणून तुझ्या टेबलावर टाकून गेला. वहीएवढा काळा डबा, वर रबराची बटणं, खोडरबरासारखी. मी म्हटलं, ह्याने काय पुसतात? तू हसला नाहीस. तीन आठवडे गिऱ्हाइकांचे रेडिओ तसेच पडले आणि एक दिवस तुझ्या त्या हलत्या चित्राच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवर अक्षरं उमटली. तू मला हाक मारायला स्वतः धावत आलास. मी तेव्हा कापडाच्या दुकानाच्या पाटीवर 'शालू' मधला लू काढत होतो.

मग तू त्या डब्याला शिकवायला लागलास, आणि वीज गेली की तो सगळं विसरायचा म्हणून शिकवलेलं गाण्याच्या साध्या कॅसेटवर भरून ठेवायला लागलास. बरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक तुला अर्धं कळायचं, उरलेलं तू डब्यालाच विचारायचास. दोन-तीन महिन्यांनी मला बसवलंस आणि म्हणालास, "खेळ."

मी बघितलं. दोन बाजूंना टिंबांच्या रांगा. मधे एक इंग्रजी व्ही. वर दोन आकडे.

"हे काय?"

"भाट्याची खाडी. ही टिंबं म्हणजे दोन काठ. आणि ही होडी."

"ही होडी? हा व्ही आहे, सदू."

"होडीच हाय ती. बाहेर समुद्रात आहेस. मासळी धरायची आणि ओहोटी लागायच्या आत खाडीत शिरायचं."

"आणि समुद्र कुठाय?"

"काळं दिसतंय तो."

"काळ्या वाळूचा काळा समुद्र आपल्या रत्नागिरीत एक आहेच की," मी म्हटलं. "दुसरा कशाला बांधलास?"

आणि मग मी खेळायला बसलो. तुला आठवत असेलच, कारण पुढे पाच वर्षं तू ते ऐकवलंस. बाहेर जितकं थांबावं तितक्या टोपल्या मासळी मिळते. पण जितक्या टोपल्या तितकी होडी खाली दबते, आणि तिकडे वरच्या आकड्यात पाणी उतरत जातं. खाडीच्या तोंडाशी वाळूची पट्टी, ती दर डावाला जागा बदलते आणि दिसत नाही. एक बटण दाबलं की बांबू पाण्यात टाकून खोली कळते, पण तेवढ्यात पाणी आणखी उतरतं. अडकलास की पडद्यावर एकच शब्द, रोमन अक्षरांत: 'बसली'.

माझी बसली. पुन्हा बसली. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आणखी एकच टोपली, मग वळतो. माझा चहा निवला, तू दुसरा मागवलास, तोही निवला. कापडवाला मला शोधत आला तेव्हा त्याच्या दुसऱ्या पाटीचा रंग माझ्या ब्रशवर वाळून गेला होता आणि मी त्याला म्हटलं, "थांबा हो शेठ, पाणी उतरतंय." तो बिचारा बाहेर जाऊन आभाळ बघून आला.

खेळ चांगला होता. हे मी तेव्हाच कबूल करायला हवं होतं, पण माझाही धंदा होता ना. मिरकरवाड्यापासून राजिवड्यापर्यंत निम्म्या होड्यांवरची नावं माझ्या हातची. गणपतीच्या कारखान्यात डोळे लिहायला मला बोलावतात. आणि माझा जिवलग मित्र होडी म्हणून व्ही काढतो आणि अख्खा बाजार तो बघायला येतो! मी म्हटलं, मी देतो तुला चित्रं. तू म्हणालास, दे. आठ आडवे, आठ उभे, चौसष्ट चौकोन. त्यांतले काही काळे करायचे, काही कोरे ठेवायचे. तेवढ्यात होडी बसव.

चौसष्ट चौकोनांत होडी! मी आयुष्यात इतकी मेहनत कशावर केली नाही. आलेखाच्या वह्या संपवल्या. शिडाची होडी काढली, डोलकाठी काढली, माड काढले, दीपगृह काढलं, दोन चौकोनांत बगळा काढला. आणि वाळूची पट्टी काढली, ठिपक्याठिपक्यांची, बघून कोणीही म्हणावं वाळू. तू सगळं त्या डब्यात घातलंस. चित्रं बसली पण डबा भरला. बटण दाबलं की होडी आधी विचार करायची आणि मग हलायची. मला त्याचं काही वाटलं नाही. होडी दिसत किती सुंदर होती.

तेव्हा मुंबईचा एक कॉम्प्युटरच्या खेळांचा दुकानदार तुला म्हणाला होता की दिवाळीच्या आधी कॅसेट आणून दाखवा, बरी असली तर प्रती काढून दुकानात ठेवतो. रत्नागिरीत बसून केलेला खेळ मुंबईच्या दुकानात! वहिनींचा देवापुढे नारळही ठेवून झाला होता.

गणपती गेले त्याच आठवड्यात राजिवड्याचे दाऊदचाचा त्यांचा ट्रान्झिस्टर घेऊन आले. चाळीस वर्षं तांडेल, त्या खाडीच्या तोंडातून डोळे मिटून होडी आत आणणारा माणूस. तू त्यांना आधी माझा खेळ दिलास. त्यांनी चित्र न्याहाळलं, "झकास काढलंस रे पेंटर, माड तर भाट्यातलाच वाटतां," म्हणाले, एक डाव खेळले आणि चहाचा ग्लास उचलला. मग तू त्यांना व्हीचा खेळ दिलास. चहावर साय आली. चाचा पुढे सरकले, चष्मा कपाळावर गेला, आणि बांबूचं बटण दाबून दाबून तोंडाने 'हळू, हळू' म्हणायला लागले. चार डाव झाले. चौथ्याला पाच टोपल्या घेऊन आत आले आणि हुश्श केलं, जसे काही खरोखर किनाऱ्याला लागले.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "चाचा, पण ह्यात वाळू दिसत नाही. माझ्यात दिसते."

चाचा म्हणाले, "वाळू दिसली असती तर तांडेल कशाला लागला असता रे?"

दुकानात चार माणसं होती. चारही हसली. तू सगळ्यांत जोरात हसलास. चाचा गेले आणि तू सरळ सांगून टाकलंस, "मुंबईला व्हीचाच न्यायचा. चित्रं काढतोय."

मी काय काय बोललो ते मला नीट आठवतंय. तुला रंगातलं कळत नाही. माणूस आधी डोळ्यांनी वस्तू घेतो. देवळातल्या देवालाही आम्ही डोळे लिहितो तेव्हा लोक हात जोडतात. तू तिकडे तोंड करून एका रेडिओत मान घालून बसलेलास. शांतपणे म्हणालास, "डोळ्यांनी माणूस एकदा बघतो, पेंटर. पुन्हा पुन्हा येऊन बसतो तो दुसऱ्या कशासाठी तरी. आणि तुझ्या एका माडात माझी सगळी भरतीओहोटी मावते. सांग, माड ठेवू की समुद्र?"

मी रागाने उठलो. मी खरं तर आईसाठी कोरी कॅसेट न्यायला आलो होतो. "कॅसेट दे एक," मी म्हटलं. "घे तिथली," तू मान वर न करता म्हणालास. टेबलावर दोन होत्या. बिनचिठ्ठीची, जवळची, ती मी उचलली. ज्याच्या दुकानात टाचणीलासुद्धा चिठ्ठी असते त्याने नेमकी स्वतःच्या खेळावर लावली नव्हती.

इथवर चूक, सदू. पुढची चूक नव्हे.

माझा भाऊ अण्णा तेव्हा मस्कतला होता आणि गणपतीला त्याला सुटी मिळाली नव्हती. आई पत्र लिहायची नाही, कॅसेट बोलायची. त्या दिवशी वाडीतला एकजण मस्कतला परत निघालेला, आमच्या पडवीत पिशव्या घेऊन बसलेला, एसटीची वेळ झालेली. मी कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि कोरी आहे का बघायला बटण दाबलं. कीं, कीं, खर्र. तुझा खेळ कॅसेटवरून डब्यात चढताना यायचा तो आवाज, चाकाला तेल नसलेल्या हातगाडीसारखा. रत्नागिरीत तो आवाज ओळखणारी माणसं दोनच होती, तू आणि मी.

मला कळलं. तेवढ्यात, त्याच क्षणी कळलं. आई म्हणाली, "लाव रे बाबा लवकर, तो खोळंबलाय." मी स्वतःला सांगितलं, सदूकडे दुसरी प्रत असणारच. तो दोन ठेवतो. आणि आवाज भरायचं लाल बटण दाबलं.

दुसरी प्रत असेल असं मला वाटलं होतं, की वाटून घ्यायचं ठरवलं होतं? चार वर्षं मी हेच चघळत होतो. आज सांगतो, ठरवलं होतं. आईला दोन मिनिटं थांब म्हणता आलं असतं. दुसरी, जुनी कॅसेट घरात होती. पण माझ्या डोक्यात दाऊदचाचांपुढचं ते हसणं वाजत होतं. लिहिलं बघ. झालं.

तीन दिवसांनी तू शोधायला लागलास. मी आलो तर तू जमिनीवर गुडघे टेकून, "अरे इथंच टेबलावर होती. दोन्ही खेळ तिच्यावरच." आणि मी काय केलं असेल? मीही वाकलो. टेबलाखाली गेलो, कपाटामागे बॅटरी मारली, तुझ्या डब्यांतले स्क्रू सुद्धा ओतून बघितले. दुसरी प्रत काढलीस तर तिच्यावर पांढरी बुरशी. आपल्या हवेत कॅसेट ठेवायची म्हणजे लोणचं ठेवण्यासारखंच, रोज बघावी लागते. तू ती फीत बोटावर घेऊन उजेडात धरलीस आणि म्हणालास, "गेली." फक्त एवढंच. नंतर सगळ्यांना सांगायचास, खेळ बुरशीने खाल्ला. मी बाजूला बसून मान हलवायचो.

दिवाळी गेली. तू वहीतली अर्धीमुर्धी टिपणं घेऊन पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसलास. मी रोज यायचो. चहा सांगायचो, फळ्या लावायला मदत करायचो, तुझ्या दुकानाची पाटी न सांगता नव्याने रंगवून दिली. तू म्हणायचास, "काय रे, कोणाचा नवस फेडतोयस?" दुसऱ्यांदा लिहिलेला खेळ पहिल्यापेक्षा लहान झाला आणि चांगला झाला. त्यात तू एक बटण नवीन घातलंस: टोपली पाण्यात फेकायचं. आता अडकायची वेळ आली तर मासळी टाकून होडी हलकी करता येत होती. सगळे खूश. मी मात्र एकदाही टोपली फेकली नाही. धरलेली मासळी कोण फेकतं? माझी बसायचीच. तू मागून म्हणायचास, "टाक रे एखादी. एकदा रिकामी होडी आणून तर बघ, गंमत आहे." मी म्हणायचो, "रिकामी आणायची तर समुद्रात गेलो कशाला?"

माघात तू मुंबईला गेलास. दुकानदाराने डावसुद्धा पुरा खेळला नाही. बाहेरच्या देशातले रंगीत खेळ त्याच्याकडे तोवर आले होते. "ह्यात पिक्चर कुठाय?" म्हणाला. तू परत आलास आणि हसत हसत सगळं सांगितलंस, त्याची नक्कल करून. मग थांबलास, माझ्या बोलण्याची वाट बघत. कारण ही माझी वेळ होती. मी म्हणायला हवं होतं, बघ, मी सांगत होतो! मी खाली बघत म्हटलं, "जाऊ दे सदू. त्याला कळत नाही."

तू म्हणालास, "आज भांडत नाहीस?"

"बरं नाही."

दिवाळीआधी जाता आलं असतं तर तुझं काम झालं असतं का, हे मला माहीत नाही. आजही नाही. पण तेव्हापासून मी तुझ्याशी खरं भांडलोच नाही. तू व्ही दाखवायचास, मी छान म्हणायचो. तू चित्रांना नावं ठेवायचास, मी हो म्हणायचो. पुढे आई गेली, तेव्हा तू दहा दिवस आमच्या पडवीत बसून होतास. तेव्हाही सांगायचं राहिलं. मग तूच आजारी पडलास.

मुंबईच्या इस्पितळात मी तुला बघायला आलो तो दिवस. मी घरून ठरवून निघालो होतो. बसमध्ये वाक्यं जुळवली. तू उशीला टेकून बसला होतास, हात काडीसारखे झालेले, पण मिशी कापलेली व्यवस्थित. वहिनी पाणी आणायला गेल्या. तू म्हणालास, "काय पेंटर? काय बोलायचंय का?"

मी म्हटलं, "मोसंबी आणलीत."

"बरं," तू म्हणालास. "सोल एक." आणि मी सोलली. शिरासुद्धा काढल्या. तू सगळी खाल्लीस.

तेच आपलं शेवटचं.

आता चिठ्ठी. सगळ्यात खालच्या खणात, आगपेटीच्या मोठ्या खोक्यात, कापसात गुंडाळलेली एक कॅसेट. दोऱ्याला बांधलेल्या चिठ्ठीवर तुझं अक्षर: 'पेंटरची आई. पुसू नये. पेंटर आपणहून बोलेल तेव्हा देणे.'

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बोललात का कदी?"

"नाही."

"मंग आता बोला. मी देते."

आणि मी तुझ्या रिकाम्या दुकानात, तुझ्या स्टुलावर बसून, तुझ्या बायकोला सगळं सांगितलं. लाल बटणापर्यंत. वाळत घातलेल्या पापडांची राखण करत बसाव्यात तशा त्या ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "आमाला तीन वर्षं झाली कळून."

झालं होतं असं: अण्णाने आईला उत्तर पाठवलं ते त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर बोलून. आपल्याकडे सगळे तेच करतात, एक कॅसेट इकडून तिकडे पाच-सहा वेळा जाते, जुनं पुसतं, नवं चढतं. मी तेव्हा देवळाच्या कामावर वेळणेश्वराला होतो. आई ती रोज ऐकायची, ऐकून ऐकून फीत टेपरेकॉर्डरमध्ये अडकली, आणि तिने तो तसाच्या तसा तुझ्याकडे पाठवला. तू फीत सोडवलीस, आणि नीट वाजते का बघायला पहिली बाजू लावलीस. आईचा आवाज. आणि आई बोलायची थांबल्यावर, अगदी शेवटाला, तुझ्या खाडीचं शेपूट: कीं, कीं, खर्र.

"किती हसले म्हणून सांगू," वहिनी म्हणाल्या. "म्हणे, शैला, पेंटरच्या म्हातारीने माझी होडी बुडवली! मी म्हटलं, विचारा की त्यांना. तर म्हणाले, नको. विचारलं तर माफी मागेल. एकदा माफी मागून बसला की मंग चित्रांवरनं माझ्याशी भांडणार कोण? आदीच हल्ली भांडत नाय. त्याचा तो बोलू दे."

सदू, तू चुकलास ना रे इथे. मी बोललो असतो तर दुसऱ्या दिवसापासून भांडलो असतो. न बोलल्यानेच भांडण गेलं. तू माझी वाट बघत बसलास आणि मी तुझ्या पाट्या रंगवत बसलो. दोघांनी मिळून तीन चांगली वर्षं फुकट घालवली. एवढा एक राग तुझ्यावर ठेवतो, बाकी काही नाही.

कॅसेट उलटी करून बघितली तर पाठीवरची दोन्ही नखं मोडलेली. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा कोणाला काही भरता येत नाही, हे मला तूच शिकवलं होतंस. अण्णाच्या उत्तराची प्रत तू आईला दुसऱ्या कॅसेटवर काढून दिलीस, आणि ही ठेवून घेतलीस. ज्या फितीवर तुझा खेळ पुसला गेला तीच तू जपलीस, वर्षभराने आई जाणार हे कोणाला माहीत नसताना.

काल ती वाजवली. आधी माझाच आवाज, "इथं तोंड धर." मग आई. "अण्णा, आयकतोस ना रे? गणपती चांगले झाले. तू नाय आलास, तुज्या वाटणीचे मोदक मी शेजारी दिले. सुकट पाठवलीय, उन दाखव तिला." दोन वर्षांनी आईचा आवाज ऐकला. आणि मग, माझ्या पाठीमागे बोललेलं, मी ऐकलंच नव्हतं ते, कारण मी एसटी बघायला बाहेर गेलो होतो: "तुजा भाऊ आज सदूशी भांडून आलाय. तोंड बग त्याचं, फणसाएवढं झालंय. पण उद्या जाईल. त्याच्याशिवाय ह्याचं पान हलत नाय." म्हणजे तू हेही ऐकलं होतंस. वहिनी म्हणाल्या, तो भाग तू परत लावायचास.

तुझा खेळ पुसला त्याचं मला वाईट वाटतं, सदू. मी जाणूनबुजून पुसला. मला माफ कर. आता मोठ्याने म्हटलं, वहिनींसमोर, तुझ्या टेबलासमोर. इतकं सोपं होतं.

मग वहिनींनी तो काळा डबा काढला, फडक्याने पुसला आणि म्हणाल्या, "चालतो का बगा." टीव्हीचं चित्र अजून हलतं. तुझ्या नव्या खेळाची कॅसेट लावली, कीं, कीं, खर्र, आणि टिंबांचे दोन काठ आले. मधे व्ही. मी बाहेर समुद्रात गेलो, सवयीने टोपल्या भरल्या. एक, चार, सात. पाणी उतरायला लागलं. खाडीच्या तोंडाशी आलो, बांबू टाकला, आणि कळलं, बसणार. आणि पहिल्यांदाच मी ते बटण दाबलं. एक टोपली गेली. दुसरी गेली. मग थांबलोच नाही. वहिनी मागून बघत होत्या. "सगळी टाकलीत?" म्हणाल्या. होडी वर आली, वाळूवरून घासत गेली असेल नसेल, आपल्याला कुठं दिसतंय, आणि आत शिरली.

टोपल्या घेऊन येणाऱ्याला तू टोपल्यांचा आकडा दाखवायचास. रिकाम्या होडीला तू काय ठेवलं होतंस ते दुकानात कोणी कधी बघितलं नव्हतं, कारण एवढं सगळं फेकायला कोणी तयारच नव्हतं. पडद्यावर, तुझ्या त्या रोमन मराठीत, एक ओळ आली. मी दुकानाची पायरी चढलो की वीस वर्षं तू म्हणायचास तीच.

'आलास? चहा सांग.'

मी बाहेर तोंड काढून ओरडलो, "दोन पाठव रे!" सवयीने दोन. वहिनींनी दुरुस्त केलं नाही. एक त्यांनी घेतला.

तर सदू, माफी मागून झाली. आता ऐक. त्या होडीला शीड हवंच होतं.